गेम लावला की कॉम्प्युटरची भट्टी होते आणि मग खट्! (मदत हवी आहे)

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. दीड महिना स्वतःच डोकं खाजवून झालं, आता तुमच्या दारात आलोय.

मशीन तीन वर्षांचं. रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर (सीपीयू), आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड, सीपीयूवर एका पंख्याचा टॉवर कूलर, ६५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग). कॅबिनेटला पुढे दोन पंखे, मागे एक. पहिली अडीच वर्षं चकार शब्द काढला नाही त्याने. मग हळूहळू आवाज वाढत गेला. आता गेम लावला की अर्ध्या तासात पंखे असे बोंबलतात की हेडफोनमधून ऐकू येतात. सीपीयू ९० अंशांवर जाऊन ठाण मांडतो, कार्ड ८४ दाखवतं आणि मग कधीतरी खट्. स्क्रीन काळी, दिवे बंद. निळा पडदा नाही, एरर नाही, काही नाही. लगेच बटण दाबलं तर ढिम्म. दहा-पंधरा मिनिटांनी दाबलं की काही झालंच नाही अशा थाटात चालू.

गेल्या महिन्यात सगळं उघडून साफ केलं. पंखे सुटे केले, धुळीचे बोळे काढले, परत जोडलं. फरक शून्य, उलट जास्तच तापतोय असं वाटतं. मित्र म्हणतो, लिक्विड कूलिंग घे आणि विषय संपव. घ्यावं का? खोली इतकी तापते की घरचे आत यायचे बंद झालेत. तेवढा एक फायदा सोडला तर बाकी वैतागच आहे.

धूळभेट
मी पहिला! यातलं मला काही कळत नाही, पण माझाही डबा असाच ओरडतो. वाचतोय.

जुना_खेळाडू
सीपीयू आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळली. तीन वर्षं झाली ना? विषय संपला.

कूलर काढा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध छोट्या मण्याएवढा थेंब टाका, कूलर सरळ दाबून बसवा आणि स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळा. बोटाने पसरवत बसू नका. एक मात्र सांगतो. तुमचा एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) आहे. कूलर थंड असताना सरळ वर उपटलात तर प्रोसेसरही त्याला चिकटून सॉकेटमधून बाहेर येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे पिळत काढा. अनुभवाचे बोल आहेत. वाकलेल्या पिना सुईने सरळ करताना माझी एक अख्खी रात्र गेली होती.

निळं_पाणी
लिक्विड घ्याच. मी २४० मिमी रेडिएटरवाला बसवला, सीपीयू ६५ च्या वर जात नाही. टॉवर कूलरचा जमाना गेला.

अर्धवट_अभियंता
थांबा, थांबा. रोग्याची नाडी बघायच्या आधीच ऑपरेशन थिएटर बुक करताय तुम्ही लोक.

रात्रपाळी, तुम्ही "९०" सांगितलंत, पण नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. तो तिथवर *कसा* चढतो ते सांगा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावा, ग्राफ उघडा, गेम किंवा कुठलीही सीपीयूची चाचणी सुरू करा आणि घड्याळ बघा.

दोन-तीन सेकंदांत आकडा कमाल मर्यादेला भिडला तर चिप आणि कूलर यांच्यामधलं नातं बिघडलंय. पेस्ट गेली, कूलर एका कोपऱ्यात सैल बसलाय किंवा लिक्विडवाला असेल तर पंप बंद पडलाय. चिपमधून उष्णता बाहेरच पडत नाही, त्यामुळे धातूचा ठोकळा मात्र हाताला गार लागतो.

पण आकडा आधी ७०-७५ वर थांबून मग वीस-तीस मिनिटांत एकेक अंश वर सरकत गेला तर कूलर त्याचं काम चोख करतोय. त्याला मिळणारी हवाच गरम आहे. कॅबिनेटमध्ये किंवा खोलीत गरम हवा कोंडते आणि तीच फिरून फिरून आत येते. अशा वेळी पेस्ट बदला, कूलर बदला, पाणी ओता, फरक जेमतेम पडतो.

दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळा. आकडे आठ-दहा अंशांनी उतरले तर हवेचा रस्ता अडलाय. जागचे हलले नाहीत तर जुना_खेळाडूंचं बरोबर, पेस्टच बघा.

या दोन्ही परीक्षा फुकट आहेत. आधी त्या करा, मग काय विकत घ्यायचं ते बोलू.

मांजरवाली
आमच्या कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर मांजर झोपतं. ऊब मिळते म्हणून. झाकण उघडून चाचणी केली तर ते आतच जाऊन बसेल. :)

निळं_पाणी
@अर्धवट_अभियंता, मग माझे ६५ कसे आले? जादू आहे का?

अर्धवट_अभियंता
जादू नाही, पाणी आहे. पाण्याला तापायला वेळ लागतो, म्हणून दहा मिनिटांच्या चाचणीत लिक्विड कूलर देवासारखा वाटतो. दोन तास खेळून आकडा सांगा. आणि पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त उचलून रेडिएटरपर्यंत नेतं. रेडिएटरलाही शेवटी गार हवाच लागते. त्यात पंप नावाचा एक जास्तीचा भाग बिघडायला तयार असतो आणि वर्षं जातात तसं नळ्यांमधून थोडं थोडं पाणी उडतही जातं. तुमचा चांगला असेल, नाही म्हणत नाही. पण ५८००एक्ससाठी धड टॉवर कूलर पुरतो.

निळं_पाणी
दोन तास खेळलो. ७१. तरी मीच जिंकलो.

सोनसाखळी
मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो. वर "सीपीयू ९०" म्हणताय तो अख्खा डबा ना? आमच्याकडे त्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. तो टेबलाच्या कप्प्यात आहे, पुढे दार आहे आणि दार लावलं की आवाज येत नाही म्हणून आम्ही लावूनच ठेवतो.

आणि खरं विचारायचंय ते खोलीबद्दल. तो दोन तास खेळला की त्याच्या खोलीत पाऊल ठेववत नाही. पंखे वाढवले की खोली गार होईल का?

अर्धवट_अभियंता
ताई, आधी जाऊन ते दार उघडा. मग पुढचं वाचा.

सीपीयू म्हणजे डब्यातली एक चिप, काडेपेटीपेक्षाही लहान. डब्याला कॅबिनेट म्हणूया, म्हणजे इथे गोंधळ नको. बंद कप्प्यात कॅबिनेट स्वतःचाच उच्छ्वास परत आत घेतं. बाहेरची हवा पाच अंशांनी तापली की आतली प्रत्येक वस्तू साधारण पाच अंशांनी वर जाते.

खोलीचं उत्तर मात्र कुणाला आवडत नाही. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीतच येते. ४०० वॉट खाल्ले तर ४०० वॉटचा हीटर. कूलर कुठलाही लावा, पंखे दहा लावा, हीटर तेवढाच राहणार. चांगला कूलर चिप गार ठेवतो आणि तीच उष्णता तुमच्या अंगावर जरा जोमाने फेकतो. खोली गार हवी असेल तर एकतर गरम हवा खिडकीतून बाहेर घालवा किंवा मुळात वॉट कमी करा.

सोनसाखळी
दार उघडलं. आवाज प्रचंड. मुलगा म्हणतोय, "आई, तुला कोणी सांगितलं?" मी तुमचं नाव सांगितलंय.

अर्धवट_अभियंता
बरं झालं टोपणनाव आहे.

वॉटमीटर
वॉट कमी करण्यावर माझं थोडं, कारण यावर मी बरेच रविवार घालवलेत.

चिपचा वीजखर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या *वर्गाच्या* पटीत. म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज फक्त १० टक्के उतरवलं तर चालू कामाचा खर्च सुमारे १९ टक्के उतरतो. कंपन्या प्रत्येक चिपला जरा जास्तच व्होल्टेज देऊन पाठवतात, कारण लाखांतली सर्वांत अडेल चिपही त्यांना चालवून दाखवायची असते. तुमची चिप बहुधा तेवढी अडेल नसते.

५८००एक्सवर १०५ वॉट लिहिलेलं असतं, पण सॉकेटमधून ती १४२ वॉटपर्यंत ओढू शकते. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडतात त्या मूळ सेटिंगमध्ये) वीज वाचवणारा इको मोड ६५ वॉटवर टाका, मर्यादा ८८ वर येते. गेममध्ये फरक शोधावा लागतो. व्हिडिओ रेंडर करत असाल तर मात्र जाणवेल. ३०७० ला २२० वॉटचं आवतण असतं. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर ओढा. एफपीएस (दर सेकंदाच्या फ्रेम) थोडे जातात, पण वॉट आणि आवाज त्या मानाने खूप जास्त जातात.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे एफपीएसला लगाम. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि कार्ड २३० फ्रेम काढतंय, त्यातल्या कोणासाठी? कित्येक गेम तर नुसत्या मेनूमध्ये कार्डाला पूर्ण ताकदीने पळवतात.

व्होल्टेज उतरवताना पायरी पायरीने उतरवा. अती झालं तर गेम मध्येच बंद पडेल. काही जळत नाही, एक पायरी परत वर या.

जुना_खेळाडू
आमच्या काळी आम्ही वेग *वाढवायला* बायोस उघडायचो. आता कमी करायला उघडतात. काय दिवस आले.

लॅपटॉपधारी
धागा पळवतोय, माफी असावी. गेमिंग लॅपटॉप, ९६ अंश. काय करू?

वॉटमीटर
मागची बाजू दोन बोटं उचला, हवा खालून आत जाते. गादीवर ठेवून खेळू नका. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ची ९९ करा, त्याने बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो (तात्पुरता वाढीव वेग) बंद होतो. वेग उतरेल, पण तापमानही धपकन खाली येईल. बाकी लॅपटॉपसाठी वेगळा धागा काढा, इथे गर्दी झालीय.

पंचाण्णव
रायझन ७७००एक्स घेऊन आठ दिवस झाले, पूर्ण लोडवर ९५ दाखवतो. परत करू का?

अर्धवट_अभियंता
नाही. ७००० मालिकेचे हे एक्सवाले प्रोसेसर ९५ पर्यंत मुद्दामच पळतात, एएमडीनेच तसं सांगितलंय. उष्णतेला जागा आहे तोवर वेग वाढवत राहायचं, अशी त्यांची आखणी आहे. मात्र ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ आहे आणि रात्रपाळींच्या ५८००एक्सची ९०. इंटेलचे बरेच १०० पर्यंत जातात. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघण्यात अर्थ नाही.

खिळे_मोळे
पूर्ण धागा वाचला. सगळे ९० च्या मागे लागलेत आणि मूळ पोस्टमधलं एक वाक्य कोणी वाचलंच नाही. "लगेच बटण दाबलं तर ढिम्म, दहा-पंधरा मिनिटांनी चालू."

प्रोसेसर ९० ला पोचला की बंद पडत नाही, वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. कार्डही तसंच, ८४ ही त्याची मर्यादासुद्धा नव्हे. दोघं कुरकुरतील, एफपीएस पडतील, पण घर सोडून जाणार नाहीत. दिवे जातात आणि थंड झाल्याशिवाय येत नाहीत, हे लक्षण माझ्या अनुभवात एसएमपीएसचं. धड एसएमपीएस स्वतः फार तापला की सगळं तोडून टाकतो आणि निवल्याशिवाय उठत नाही.

रात्रपाळी, तीन प्रश्न.
बंद पडणं साफसफाईच्या आधीपासून होतं की नंतर सुरू झालं?
बंद पडल्यावर एसएमपीएसचं मागचं बटण बंद-चालू करून लगेच सुरू होतो का? होत असेल तर उष्णता नव्हे, कार्डाने क्षणभर जास्त करंट ओढल्याने तो घाबरला असेल. ३००० मालिकेची कार्डं असे झटके देतात.
आणि कॅबिनेट नेमकं कशावर ठेवलंय?

धूळभेट
हा माणूस वकील असणार.

रात्रपाळी
दोन दिवस आलो नाही, कारण चाचण्या करत होतो. क्रमाने सांगतो.

सीपीयू सुरुवातीला ७६ वर जातो आणि तिथेच रेंगाळतो. मग पंचवीस मिनिटांत ९०. म्हणजे अभियंता म्हणतात तो दुसरा प्रकार. झाकण काढून खेळलो तर सीपीयू ७९ आणि कार्ड ७४. मग पंख्यांपुढे टिश्यू पेपर धरून बघितला. मागच्या पंख्याने तो बाहेर उडवला, बरोबर. पुढच्या पंख्यांपुढे धरला, तर तो चिकटायच्या ऐवजी माझ्या तोंडावर आला.

होय. साफ करून परत लावताना दोन्ही पंखे उलटे बसवले. महिनाभर माझं मशीन तिन्ही पंख्यांनी फक्त श्वास सोडत होतं.

मांजरवाली
योगसाधना म्हणतात याला.

जुना_खेळाडू
हाहाहा. ज्या बाजूला पंख्याच्या मोटरचे आडवे दांडे दिसतात त्या बाजूने हवा बाहेर येते. बऱ्याच पंख्यांच्या कडेला बाणही कोरलेला असतो. आता आयुष्यात विसरणार नाही तुम्ही.

(पेस्ट तरी बदलाच.)

रात्रपाळी
वकीलसाहेब, तुमची उत्तरं. बंद पडणं साफसफाईनंतरच सुरू झालं. आधी नुसता आवाज आणि गरमी होती. मागचं बटण बंद-चालू करून पाहिलं, तरी लगेच उठत नाही. आणि कॅबिनेट... साफ करायच्या आधी टेबलावर होतं. नंतर जागा व्हावी म्हणून खाली ठेवलं. जाजमावर. चांगलं जाड आहे.

खिळे_मोळे
एसएमपीएसचा पंखा खाली तोंड करून आहे ना? आता कॅबिनेट आडवं करा आणि पोटाखाली बघा. मागच्या बाजूने सरकवून काढायची एक जाळी असते. एसएमपीएस स्वतः उघडू नका, आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही चार्ज धरून ठेवतात. नुसती जाळी काढा.

रात्रपाळी
जाळी आहे! तीन वर्षं तिथे होती आणि मला पत्ता नाही. जाळी म्हणजे काय, लोकरीचा स्वेटर निघाला. त्यात खालून जाजम. बिचारा एसएमपीएस नाक-तोंड दाबून चालत होता.

अर्धवट_अभियंता
म्हणजे एकाच घरात दोन चोर होते. साफसफाईआधीची गरमी थोडी धुळीची असेल, तिच्यावर उलट्या पंख्यांनी कहर केला. बंद पडण्याचं कारण मात्र वेगळंच. खिळे_मोळे, दंडवत. मी तापमानाच्या ग्राफमध्ये इतका रमलो की ते वाक्य माझ्याही नजरेतून सुटलं.

बाय द वे, मी फार शहाणपणा करतोय असं वाटू नये म्हणून कबुलीजबाब देतो. माझ्या पहिल्या कूलरच्या तळावर "लावण्यापूर्वी काढा" असं लिहिलेला प्लास्टिकचा कागद होता. तो मी आठ महिन्यांनी काढला.

वॉटमीटर
ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळा भन्नाट फिरला तर बेअरिंगची वाट लागते.

रात्रपाळी
आठवड्याने हजेरी. पंखे सुलटे केले, जाळी साफ केली, कॅबिनेट परत टेबलावर ठेवलं. त्याच गेममध्ये तासाभराने सीपीयू ७७, कार्ड ७१. एकदाही बंद पडला नाही. विकत काही घेतलं नाही, त्यामुळे मित्र नाराज आहे.

एक तक्रार उरलीय. पंखे आता जोरात नसतात, पण दर मिनिटाला वर-खाली, वर-खाली करतात. झोपेत कोणी सुस्कारे टाकावेत तसे.

वॉटमीटर
रायझनचं तापमान क्षणात दहा अंश उडी मारतं आणि पंखा प्रत्येक उडीला दचकतो. बायोसमध्ये फॅन कर्वच्या (तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणाऱ्या रेषेच्या) आसपास पंखा वेग बदलण्याआधी किती सेकंद थांबेल ते ठरवता येतं. ते वाढवा. आणि ६० अंशांपर्यंतची रेषा सपाट ठेवा, चढ त्यानंतर सुरू करा. कॅबिनेटचे पंखे जमलं तर कार्डाच्या तापमानावर चालवा, गेममध्ये खरा हीटर तेच असतं.

सोनसाखळी
आणि खोली?

रात्रपाळी
ताई, खोली तशीच. अभियंता म्हणाले तसंच झालं. म्हणून काल वॉटमीटर यांचं ऐकून इको मोड लावला, कार्ड ८० टक्क्यांवर आणलं आणि एफपीएस १२० ला बांधले. भिंतीच्या प्लगला मीटर लावून बघितलं, गेममध्ये ४३० वॉट होते ते ३०० च्या आसपास आले. एफपीएस गेल्याचं मला तरी कळलं नाही. घरचे परत खोलीत यायला लागलेत. हे चांगलं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

सोनसाखळी
मुलाला १२० चं सांगितलं. तो म्हणाला, "१४४ च्या खाली जाणार नाही." बोलणी चालू आहेत. कप्प्याचं दार मात्र काढूनच टाकलं.

धूळभेट
मंडळी, तुमचं वाचून मीही कॅबिनेट आडवं केलं. खाली जाळी निघाली! साबणाने मस्त धुतली, आता परत लावतोय. थोडी ओली आहे, पण आत पंखा आहे ना, वाऱ्याने वाळेल?

खिळे_मोळे
धूळभेट, थांबा!!! हात मागे घ्या. जाळी उन्हात टाका आणि आज खेळू नका.

धूळभेट
आज मॅच आहे हो.